तोफेवरचे आकडे आणि देवघरातला घोडेस्वार

प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत छोटंसं संग्रहालय उभं राहतंय. हाताशी आहे एक लोखंडी तोफ, अकरा गोळे, एक गंजकी तलवार, एक जहाजाचा नांगर आणि दोन घरांतून आलेली दोन पदकं. दारावर ‘शिवकालीन शस्त्रसंग्रह’ असा फलक रंगवून झाला आहे. विचारणारे गावच्याच शाळेतले शिक्षक आहेत. एवढ्याशा वस्तूंतून कोकणच्या लढायांचा इतिहास सांगता येईल, की मुंबई-पुण्याहून काही मोठं मागवावं लागेल, असं त्यांना विचारायचं आहे.

गुरुजी, मागवू काही नका. फलक मात्र उतरवा.

रागावू नका. तीस-बत्तीस वर्षं मी वस्तुसंग्रहालयांत काढली, त्यातली निम्मी कोकणात. शिवकालीन म्हणून दाखवलेल्या शंभर वस्तू पुढ्यात आल्या तर त्यातल्या नव्वदांचा महाराजांच्या काळाशी संबंध नसतो, हा अनुभव आहे. पण संबंध नसला म्हणून वस्तू हलकी ठरत नाही. उलट तिच्यावरचं उसनं नाव काढलं की ती बोलायला लागते. तुमच्या खोलीत जे आहे त्यात मला निदान तीन साम्राज्यं आणि दोन महायुद्धं दिसायची शक्यता वाटते. ती शोधायची कशी, ते सांगतो.

तोफेपासून सुरू करू. येणारा माणूस आधी तिच्यावरच हात ठेवणार, आणि पोरं तिच्यावर घोडा करून बसणार.

माझीच फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका संग्रहालयाच्या अंगणातल्या तोफेची पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं. तोफेच्या मागच्या फुगीर भागावर, गंजाच्या पापुद्र्याखाली, छिन्नीने कोरलेले आकडे होते : १७–३–९. मी खूश. १७ मार्च १७०९! म्हणजे कान्होजी आंग्र्यांचा भर उमेदीचा काळ. पाटी लिहिली, रंगवली, लावली, आणि ती दोन वर्षं टिकली. मग एक दिवस आरमारातून निवृत्त झालेले एक वयस्कर गोलंदाज आले, पाटी वाचली आणि हसत सुटले. “अहो, हे तोफेचं वजन आहे,” म्हणाले. १७ हंड्रेडवेट, ३ क्वार्टर, ९ पौंड. एक हंड्रेडवेट ११२ पौंडांचा, क्वार्टर २८ पौंडांचा. हिशेब करा : १९०४ अधिक ८४ अधिक ९, म्हणजे १९९७ पौंड. सुमारे नऊशे सहा किलो. इंग्लंडातल्या ओतशाळांतून निघालेल्या तोफांवर वजन असं तीन तुकड्यांत कोरत. ओळखायची खूण सोपी आहे : मधला आकडा कधीच ३ च्या वर जात नाही आणि शेवटचा २७ च्या वर.

त्यांनी मग मला तोफेच्या पाठीवरचा मुकुट दाखवला. तो मी रोज बघत होतो आणि शोभेचा समजत होतो. मुकुटाखाली गुंतवलेली अक्षरं, आणि अक्षरांच्या पोटात बारीक ३. तिसरा जॉर्ज. त्याची कारकीर्द १७६० ते १८२०. विजयदुर्ग इंग्रज आणि पेशव्यांनी मिळून घेतला तो फेब्रुवारी १७५६ मध्ये. म्हणजे ही तोफ ओतली गेली त्याआधीच विजयदुर्गाचे तुळाजी आंग्रे कैदेत गेले होते आणि कान्होजींना जाऊन तीस वर्षं उलटली होती. त्या रात्री पाटी मी स्वतः खाली उतरवली.

असाच प्रकार अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर रोज चालतो. ओहोटीला चालत गेलेले लोक गाड्यावरच्या दोन तोफांशेजारी ‘आंग्र्यांच्या तोफा’ म्हणून फोटो काढतात. तोफांवर मात्र स्वच्छ लिहिलंय : १८४९, डॉसन, हार्डी, फील्ड, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर. तोवर आंग्र्यांचं संस्थान खालसा झालं होतं आणि किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. माझ्या मते यातून जास्त चांगली गोष्ट निघते. ज्या बुरुजांनी इंग्रजांची जहाजं परतवून लावली, त्याच किल्ल्यात इंग्रजांनी यॉर्कशायरहून तोफा आणून ठेवल्या. कोणाच्या भीतीने? हा प्रश्न पोरांना विचारा. उत्तर माझ्याकडून नको, त्यांच्याकडून येऊ द्या.

आता तुमची तोफ. चार जागा बघा. पाठीवर मुकुट, राजाची अक्षरं किंवा ईस्ट इंडिया कंपनीचं बदामाच्या आकाराचं चिन्ह आहे का. डच कंपनीची असेल तर तीन अक्षरं एकमेकांत अडकवलेली दिसतील. गाड्यावर टेकणारे जे दोन आडवे खुंट असतात त्यांच्या चपट्या टोकांवर ओतशाळेचं नाव किंवा साल सापडतं. लोक ही जागा हमखास विसरतात, कारण खुंट बहुधा सिमेंटच्या चौथऱ्यात गाडलेले असतात. बुडाजवळ वजन. आणि चौथी जागा म्हणजे तोफेचा कान, जिथे रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू, ओतून बत्ती देत. त्या भोकात लोखंडी खिळा ठोकलेला असेल तर ती तोफ कोणीतरी मुद्दाम मुकी केलेली आहे. पळताना मालकाने, किंवा जिंकल्यावर शत्रूने. खिळा असेल तर काढू नका. तोफेच्या आयुष्यातला तो सर्वात महत्त्वाचा क्षण असू शकतो.

काहीच खूण नसली तरी तोंडाचा आतला व्यास मोजा. सव्वानऊ सेंटीमीटरच्या आसपास असेल तर सहा पौंडी, साडेदहा-पावणेअकरा असेल तर नऊ पौंडी. आणि ती ‘किल्ल्यावरूनच आली’ असं गृहीत धरू नका. बाद झालेल्या तोफा गलबताच्या तळाशी नीरम म्हणून भरत, म्हणजे तोल राखायला घातलेलं वजन. जगभरच्या जुन्या धक्क्यांवर त्या उभ्या गाडून त्यांना दोर बांधत. एक तोफ तीन मालकांकडे तीन कामं करून तुमच्या अंगणात आलेली असू शकते, आणि त्यातलं फक्त एक काम लढाईचं.

गोळे माझ्या आवडीचे. लोक ते कोपऱ्यात ढीग लावून ठेवतात, दाराला अडण म्हणूनही वापरतात. पण अकरा गोळे म्हणजे अकरा साक्षीदार. वजनकाट्यावर टाकू नका. समुद्रकाठी पडलेल्या ओतीव लोखंडाचं बरंचसं लोखंड निघून गेलेलं असतं आणि वजन फसवतं. दोरा घ्या, गोळ्याच्या पोटाभोवती गुंडाळा, दोरा पट्टीवर ठेवा. परीघ १९-२० सेंटीमीटर असेल तर दोन पौंडी. २४ च्या आसपास चार पौंडी. ३२ असेल तर नऊ, ३५ ला बारा, आणि ४४ भरला तर चोवीस पौंडी. गंजाचा फुगवटा धरून थोडं इकडेतिकडे होईल.

एवढ्यावरून काय कळतं? खूप काही. आंग्र्यांच्या गलबतावर दोन ते चार पौंडी गोळ्यांच्या तोफा असत, तीही सहा-आठच. साठ-सत्तर टनांचं हलकं गलबत, चाळीस-पन्नास वल्ही, वारा पडला तरी चालणारं. गुराब त्याहून मोठी, दीडशे ते तीनशे टनांची. तिच्या बाजूंना सहा ते नऊ पौंडी तोफा आणि नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, समोर मारा करणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी दोन वेगळ्या. डाव असा की मोठ्या जहाजाच्या बगलेत जायचंच नाही, मागून लागायचं, शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या, मग सगळ्या बाजूंनी माणसं चढवायची. चोवीस पौंडी गोळा मात्र अशा होडीवरून सुटत नाही. तो १७५६ ला विजयदुर्गावर आलेल्या इंग्रज अॅडमिरल वॉटसनच्या युद्धनौकांसारख्या जड जहाजाचा, नाहीतर किल्ल्याच्या बुरुजावरचा. म्हणून गोळे आकाराने रचा, आणि प्रत्येकाशेजारी तो कुठे सापडला ते लिहा : तटाच्या आतून, बाहेरून, खाडीच्या चिखलातून, कुणाच्या परसातून. आतल्या बाजूला चोवीस पौंडी आणि बाहेर चार पौंडी निघाले, तर कोण कोणावर मारत होतं ते न बोलता कळतं. ‘किल्ल्यावर सापडले’ एवढंच लिहिलंत तर अकराही साक्षीदार गप्प बसतील.

एक सावधगिरी, आणि ही थट्टेवारी नेऊ नका. एखाद्या गोळ्याला बोटभर भोक असेल, किंवा आकाराच्या मानाने तो हलका वाटत असेल, तर तो कुलपी गोळा असू शकतो, आत दारू भरलेला. त्याला ड्रिल लावू नका, तापवू नका, आपटू नका. खोलीबाहेर मोकळ्या जागी राहू द्या आणि पोलिसांना कळवा. १७५६ साली विजयदुर्गाखाली असाच एक गोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. ते मूळचं इंग्रजांचं, तुळाजींनी पकडून आपल्या आरमारात घेतलेलं. ते पेटलं आणि दोरखंडांनी शेजारी बांधलेल्या गुराबा-गलबतांना आग लागत गेली. कान्होजींनी आणि त्यांच्या मुलांनी उभं केलेलं आरमार एका दिवसात संपलं. त्यात पेशव्यांचा हात इंग्रजांच्या हातात होता, हेही पाटीवर लिहा. गावात कोणाला आवडो न आवडो.

विजयदुर्गला मुलांना न्याल तेव्हा वाघोटण खाडीत गिर्येची गोदीही दाखवा. कातळ फोडून केलेली ती गोदी बघितली की गलबत मोजपट्टीशिवाय डोळ्यांपुढे उभं राहतं.

तलवारीबद्दल फार बोलत नाही, कारण सगळे तिच्याबद्दलच बोलतात. मुठीतलं पातं लाखेने बसवलेलं असतं, तेव्हा गरम पाण्यात बुडवू नका, मूठ हातात येईल. पातं सरळ, लांब असेल आणि त्यावर लांडग्यासारखी ओबडधोबड आकृती किंवा विळ्यासारख्या दोन कमानी उठलेल्या दिसल्या, तर ती फिरंग. पातं युरोपातलं, चौल-रेवदंडा-गोव्याकडून पोर्तुगीज व्यापारात आलेलं. मूठ आपल्याकडच्या शिकलगाराची. आपल्या माणसाने शत्रूकडून पातं विकत घेऊन त्यालाच दाखवलं, असं मी शाळेच्या मुलांना सांगतो, आणि ते त्यांच्या लक्षात राहतं. कोणतीच खूण नसेल तर ‘तलवार, काळ अनिश्चित’ एवढं लिहायला लाजू नका.

नांगर बहुधा मालवाहू पडावाचा असेल. तोही ठेवा. लढाऊ आणि मालवाहू होड्या बांधणारे सुतार एकच होते.

वस्तू हात बदलते याचा सगळ्यात मोठा दाखला कोकणाबाहेर टांगलेला आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर एक आहे, तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. गाभाऱ्यात महादेव, बाहेर मेरी, आणि वाजवणाऱ्याला दोन्हींत काही वावगं वाटत नाही. घंटेच्या काशात कथलाचं प्रमाण साधारण पाचवा हिस्सा असतं, तोफेच्या काशात दहावा. घंटेचं कासं तसंच तोफेत ओतलं तर ठिसूळ होऊन फुटतं. त्यात तांबं मिळवावं लागतं. जिंकणाऱ्यांना तोफांची गरज होती, तरी या घंटा वितळवल्या नाहीत. देवाला दिल्या.

आता पदकं. तुम्ही ती यादीत सर्वात शेवटी लिहिलीत, आणि माझ्या मते तुमच्या खोलीतला सगळ्यात मोलाचा ऐवज तोच आहे. तोफ कोणाची होती ते आपण अंदाजाने सांगतो. पदकावर माणसाचं नाव असतं.

खेड तालुक्यात एका घरी मी गेलो होतो ते जुनी भांडी बघायला. आजीबाईंनी चहा ठेवला, आणि देवघरात टाकांच्या रांगेत मला एक चांदीचा गोल तुकडा दिसला. हळदीकुंकवाने माखलेला. “ह्यो कोण?” विचारलं. “खंडोबा. घोड्यावर बसलाय न्हवं?” हातात घेतला तर खरंच घोडेस्वार होता. उघड्या अंगाचा, घोड्याच्या टापांखाली गरुडाचं चिन्ह असलेली ढाल, आणि कडेला १९१४ आणि १९१८. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. उलटलं तर पाचव्या जॉर्जचं तोंड, नाक घासून सपाट झालेलं. दर दसऱ्याला चिंचेने उजळून उजळून शंभर वर्षांत राजा पुसला गेला होता आणि घोडा उरला होता.

मी आजींना कड दाखवली. पदकाच्या जाडीवर, नाण्याच्या कडेला असावीत तशी, बारीक अक्षरं ठोकलेली असतात : क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. नाव गेलं होतं. ११७ राहिलं होतं आणि पुढे रोमन लिपीतली चार-पाच अक्षरं. इथे डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. पहिली तीन अक्षरं ‘मह’ची. चौथं अक्षर ‘आर’ असेल तर पलटण मराठ्यांची, ‘ए’ असेल तर महारांची. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. त्याआधी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली होती, आणि दापोलीच्या कॅम्पात राहणाऱ्या पेन्शनर सैनिकांच्या घरांना तो घाव जिव्हारी लागला होता. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार त्याच दापोलीत येऊन राहिले. एका अक्षराने पाटी बदलते आणि घरही बदलतं.

आजींच्या पदकावर चौथं अक्षर ‘आर’ होतं. ११७ वी मराठा. “आजेसासरे लढायेवर गेलेले,” त्या म्हणाल्या, “बसऱ्यास.” ११७ वी पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होती, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये, तुर्कांनी घातलेल्या कूतच्या वेढ्यात. १४७ दिवस. घोडे आणि खेचरं कापून खायची पाळी आली, आणि अनेक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ शिवलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, आणि पुढे कैद्यांची अनातोलियाकडे वाळवंटातून पायपीट. आजेसासरे त्या वेढ्यात होते का, हे एकट्या पदकावरून सांगता येत नाही. सोबत १९१४-१५ चा तारा असता तर ते १९१५ संपायच्या आत आघाडीवर पोचले होते एवढं पक्कं झालं असतं. तारा नव्हता. मी विचारलं तसं आजी म्हणाल्या, “घोड्याचा मांस नको म्हनून चार दीस पान्यावर काढल्यान, असा सांगत.” मी वही बंद केली आणि चहा प्यायलो.

पदक मी मागितलं नाही. ते अजून देवघरातच आहे. फोटो आणि कडेचा ठसा घेतला, एवढंच.

तेव्हा तुमची दोन पदकं आधी भिंगाखाली धरा. पॉलिश लावू नका, चिंच तर नाहीच. कडेची अक्षरं हीच त्यांची किंमत आहे. चांदीऐवजी काशाचं वॉर मेडल असेल तर हिरमुसू नका. ते मजूर तुकड्यांत गेलेल्यांना मिळत असे, आणि त्यांची नावं शिपायांहूनही कमी ठिकाणी उरली आहेत. तळहाताहून मोठी, बारा सेंटीमीटरची काशाची तबकडी कोणाच्या घरी निघाली तर ती मेलेल्या सैनिकाच्या घरच्यांना आलेली आहे. तिच्यावर नाव असतं, हुद्दा नसतो. गावाच्या चावडीवर किंवा शाळेत संगमरवरी पाटी आहे का तेही बघा : या गावातून इतके गेले, त्यातले इतके परतले नाहीत. अनेक गावांत ती चुन्याच्या गिलाव्याखाली गेली आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी रायगडातल्या माणगावकडे बघा. पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत, तिबरच्या वरच्या खोऱ्यात, सोबतचे सगळे पडल्यावर एकटे मशीनगनवर धावून गेले, आणि गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या नळीला धरून दस्त्याने लढले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही. नाव इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर आहे.

देवळाबाहेर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, असेल तर तोही मोजणीत धरा. बोरिवलीच्या एक्सर गावातल्या वीरगळांवर वल्ह्यांच्या होड्यांची आरमारी लढाई कोरलेली आहे, आंग्र्यांच्या कितीतरी शतकं आधीची.

देखभालीचं थोडक्यात. तुमचा खरा शत्रू खारा वारा आणि पावसाळा. मिठाने भिनलेल्या लोखंडावर ऑइलपेंट मारलात तर गंज आतून चालूच राहतो. चिंचेने धुऊन काळा रंग दिलेला एक गोळा मी बघितलाय. दोन पावसाळ्यांत कांद्यासारखा सोलला. तोफेला शिवजयंतीला चंदेरी रंग नको, शेंदूर नको, तारेचा ब्रश नको. तिला सिमेंटमधून सोडवून लाकडी ओंडक्यांवर, छपराखाली ठेवा. तोंड थोडं खाली झुकवा, पाणी साचणार नाही. गंज हलक्या ब्रशने झाडून टॅनिक आम्लाचा हात आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेण, हे जाणकाराच्या देखरेखीखाली. खाडीतून नुकतं काढलेलं लोखंड असेल तर ते वाळू न देता पाण्यातच ठेवा आणि आधी विचारा. आणि जमिनीतून दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जुनं निघालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ च्या कायद्याने. रत्नागिरीला पुरातत्त्व विभागाचं कार्यालय आहे, एकदा जाऊन या. थिबा राजवाड्यातलं संग्रहालयही बघून होईल. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ चं युद्ध हरल्यावर कैदी म्हणून रत्नागिरीत राहिला आणि १९१६ ला तिथेच वारला.

पाटी कशी लिहावी, हेही विचारलं होतंत. गोळ्यासाठी मी अशी लिहीन : ‘नऊ पौंडी लोखंडी गोळा. परीघ ३२ सें.मी. अमुक यांच्या परसात विहीर खणताना, तटाच्या बाहेर, खाडीच्या अंगाला सापडला. गुराबेवर वापरत त्या आकाराचा.’ बस. शौर्य, पराक्रम, देदीप्यमान वगैरे शब्द पाटीवर नकोत, भाषणात वापरा.

आता कृपा करून तोफेच्या बाजूच्या खुंटांभोवतीचं सिमेंट हलक्या हाताने, छिन्नी न लावता, मोकळं करा. पुसायला कोरडं फडकं. संध्याकाळी विजेरी आडवी धरून, उजेड एका बाजूने पडेल असा, दोन्ही टोकांचे फोटो काढा आणि पाठवा. बुडावर तीन आकडे दिसले तर मधला ३ च्या वर नाही ना, ते आधी बघून घ्या.